दोन लाइन, एक राउटर: पोर्ट धरून वाटायचं की पीसीनुसार?

दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन घेऊन मायक्रोटिक राउटरवर पीसीसी (पर कनेक्शन क्लासिफायर, म्हणजे प्रत्येक कनेक्शन दोनपैकी एका लाइनला वाटून देणारी सोय) लावायचं ठरलं, की पुढचा प्रश्न क्लासिफायरचा, म्हणजे वाटणी कशावरून करायची याचा. यादी लांब दिसते, पण छोट्या ऑफिससाठी निवड दोघांतच: कनेक्शनच्या दोन्हीकडचे पत्ते आणि पोर्ट (एकाच पत्त्यावरची कनेक्शनं वेगळी ओळखायचे क्रमांक) धरायचे, की नुसता सोर्स-अ‍ॅड्रेस, म्हणजे आतल्या पीसीचा पत्ता.

राउटर दोन्हीकडे तेच करतो. ठरलेल्या आकड्यांचा हॅश, म्हणजे ठराविक रीतीने एकच आकडा, काढतो, दोनाने भागतो. बाकी ० तर पहिली लाइन, १ तर दुसरी. एक कनेक्शन अर्ध्यातून लाइन बदलत नाही, त्यामुळे एकच मोठी फाइल दोन्ही लाइन मिळून उतरेल ही आशा सोडा.

पोर्ट धरले तर वाटणी सुरेख होते. ब्राउझर प्रत्येक नव्या कनेक्शनला वेगळा सोर्स पोर्ट घेतो, म्हणून एकाच पीसीचं काम दोन्हीकडे पसरतं. दोन्ही ग्राफ जोडीने चढताना बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मला नडलं ते नेटबँकिंग. पासवर्ड टाकला, ओटीपी आला, बटण दाबलं की ‘तुमचं सेशन संपलं आहे’. लॉगिन एका पब्लिक आयपीवरून (लाइनचा बाहेर दिसणारा पत्ता), पुढची रिक्वेस्ट दुसऱ्यावरून. बँकेला संशय येणारच. त्यात हे दर वेळी होत नाही. मी बघायला गेलो की हमखास चालायचं! २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं रिटर्न) भरायच्या गडबडीत हे झालं की अकाउंट्सवाल्या मॅडमना हॅश समजावून सांगण्यात अर्थ नसतो. पोर्ट सोडून फक्त दोन्ही पत्ते धरले तर त्रास कमी होतो, पण पेमेंटचं पान वेगळ्या सर्व्हरवर गेलं की पुन्हा तेच.

सोर्स-अ‍ॅड्रेसची वाटणी ओबडधोबड, हे मान्य. डिझाइनवाले दोघं एकाच लाइनवर आले की ती तुंबते आणि शेजारची रिकामी. मग मी एकाचा आयपी बदलून देतो. पण पीसी एका लाइनला बांधलेला असल्याने तक्रार आली की कुठे बघायचं ते लगेच कळतं, आणि बँकेचे फोन बंद झाले.

हॉस्टेलसारख्या ठिकाणी, जिथे डाउनलोडच जास्त, तिथे कदाचित पोर्टवालंच बरं पडेल. ऑफिसात मात्र मी सोर्स-अ‍ॅड्रेसच लावेन. फक्त आतला वायफाय राउटर आधी अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो नुसता वायफाय देईल. तो स्वतः नॅट करत असेल (मागच्यांचे पत्ते झाकून आपलाच पुढे करत असेल) तर त्याच्यामागचे सगळे फोन एकच पत्ता दाखवतात आणि सगळे एकाच लाइनवर जाऊन बसतात.