सायकलच्या कॅरिअरपायी ७,४८९ रुपये गेले

रक्कम आधीच सांगतो. १,८५० कॅरिअरचे, ६४० ‘पार्सल सोडवण्याचे’ आणि ४,९९९ रिफंडच्या नावाखाली. एकूण ७,४८९ रुपये. कोरडवाहू कास्तकाराला ही रक्कम लहान नाही. पोलीस ठाण्यात ज्यांनी ती लहान म्हटली त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच.

पुतण्याची गिअरची सायकल घरी पडून होती. आमच्या वावरापासून गावापर्यंत पांदण रस्ता आहे. पावसाळ्यात तिथं मोटारसायकल फसते, पण जाड टायरची ही सायकल निघते. पालक-सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या आठवडी बाजारात न्यायला मागे कॅरिअर हवं होतं. तालुक्याला साध्या सायकलचं मिळतं, ते हिला बसत नाही. म्हणून मोबाईलवर ‘ॲल्युमिनियम, ५० किलो वजन, थेट कारखान्यातून’ अशी जाहिरात दिसली तेव्हा फोन केला. यात हाव कुठे आली? वस्तू गरजेची होती आणि भावही काही फुकटातला नव्हता.

फसवणुकीची खरी खूण त्या पहिल्या फोनमध्येच होती. ती आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. मी विचारलं, “भाऊ, मागच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे, बसेल का?” तो म्हणाला, “काका, सगळ्या सायकलींना बसतं.”

सगळ्या सायकलींना बसणारं कॅरिअर नसतं! ज्याला खरंच कॅरिअर विकायचं आहे तो आधी विचारतो, चाक २६ इंची की २९? मागच्या ॲक्सलजवळ, म्हणजे चाकाच्या आसाजवळ, फ्रेमला ५ मिलिमीटर बोल्टची आट्याची भोकं आहेत का? मागे शॉकअप आहे का? डिस्कचा कॅलिपर, म्हणजे डिस्क आवळणारा ब्रेकचा भाग, कुठे येतो? कारण कॅरिअरचा पाय नेमका त्याला अडतो. मग बाहेर वाकवलेल्या पायाचं कॅरिअर घ्यावं लागतं, नाहीतर मधे स्पेसर (अंतर ठेवणारा नळीचा तुकडा) टाकून लांब बोल्ट. त्यानं यातलं एकही विचारलं नाही. हे सगळं मला नंतर एका मिस्त्रीनं सांगितलं. आधी कोणाला माहीत असतं?

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव दुसऱ्याच माणसाचं आलं. “आमच्या अकाउंटंटचं आहे,” म्हणाला. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही टाकू नका.

पार्सलमध्ये निघाली सीटच्या नळीला आवळायची पत्र्याची पट्टी. चुंबक लावलं तर टपकन चिकटलं. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. चंदेरी रंग नखानं निघत होता. पाच किलोची पिशवी ठेवताच पट्टी नळीवर गर्रकन फिरून चाकाला घासली. या प्रकारातलं चांगलं कॅरिअरसुद्धा साधारण दहा किलोपर्यंतच पेलतं, आणि फ्रेमला बोल्टनं कसलेलं पंचवीसच्या आसपास.

चिडून फोन केला तर तो इतका नरमाईनं बोलला, की कोणीही विश्वास ठेवला असता. “काका, चूक आमची आहे. क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, रिफंड येईल.” त्याच वेळी मोटारपंपाची लाईट आली, घरून हाका सुरू झाल्या, आणि त्या घाईत पिन टाकला गेला. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ करून घ्या.

त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला, पण रक्कम तोवर पुढच्या खात्यात गेली होती. तुम्ही मात्र आधी १९३० लावा, विकणाऱ्याशी भांडण नंतर.

बँकेत उत्तर मिळालं, “पिन तुम्हीच टाकला ना?” ठाण्यात म्हणाले, एवढ्याशा रकमेसाठी कशाला, जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जा. तिथं गेलो तर म्हणे, आधी तुमच्या ठाण्यातून कागद आणा. गुन्हा कुठेही घडला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. १ जुलै २०२४ पासून तो कायदा लागू आहे. मी तसं म्हणालो तर “आम्हाला कायदा शिकवता का?” बसचं भाडं माझं, बुडालेली मजुरी माझी, आणि उभं राहायचंही मीच. चोराला कोणी एक फोन केला नाही! नंबर अजून चालू आहे, रिंग जाते.

आता सोमवारी पुन्हा बोलावलंय. चॅटचे स्क्रीनशॉट छापून आणा, पार्सलचा खोका पत्त्याच्या चिठ्ठीसकट आणा म्हणाले. खोका मी ठेवला आहे. तुम्हीही फेकू नका.