तालुक्याचं सरकारी बॅडमिंटन सभागृह: तीन पावसाळे पाहून

माझी लेक नववीत आहे. तीन वर्षं झाली, आठवड्यातून पाच दिवस मी तिला गोव्यातल्या आमच्या तालुक्याच्या सरकारी संकुलात बॅडमिंटनला नेते.

फी खाजगी कोर्टाच्या मानाने फारच कमी. त्यामुळे ट्रक चालवणाऱ्याची मुलगी आणि डॉक्टरांचा मुलगा एकाच जाळीवर खेळतात, हे मला मनापासून आवडतं. छत उंच आहे, मारलेलं फूल (शटल) कुठे अडत नाही. जमीन लाकडी, खाली पट्ट्या आणि पोकळी. उडी मारून उतरताना धक्का जमीन सोसते, गुडघा नाही. अंगणातल्या सिमेंटवर खेळून लेकीच्या टाचा दुखायच्या. इथे आल्यावर ते दुखणं गेलं.

पण जून लागला की छत गळतं, नेमकं तीन नंबरच्या कोर्टवर. "बाय, थंय वचूं नाका, निसरता" (बाई, तिथे जाऊ नका, घसरतं) असं कोकणीत म्हणत वॉचमनमामा बादली मांडतात, स्वतःच्या पंच्याने पाणी टिपतात. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्यांच्या कडा वर येतात. गेल्या वर्षी एका मुलाचा घोटा तिथेच मुरगळला. आम्ही पालकांनी दोनदा अर्ज दिला. उत्तर एकच: दुरुस्तीला निधी नाही.

जाळीचंही तेच. मी शिवणकाम करते, टेप पर्समध्येच असते. जाळी मध्यभागी 1.524 मीटर उंच हवी. मोजली तर 1.46 भरली. हिच्यावर सराव केलेल्या माझ्या मुलीच्या सर्व्हिस स्पर्धेत एकामागून एक जाळीत गेल्या. रडत घरी आली. चूक तिची नव्हती.

26 ऑक्टोबर 2023 ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन फातोर्ड्याला झालं, तेव्हा आम्ही दोघी घरी टीव्हीसमोर होतो. ऊर भरून आला होता. त्याआधी 2014 मध्ये लुसोफोनिया खेळही (पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या स्पर्धा) गोव्यातच झाले. मोठ्या स्पर्धेसाठी सरकार खर्च करतं, ते करायलाच हवं. पण स्पर्धा पंधरवड्यात संपते आणि माझी मुलगी वर्षभर खेळते. छताचे पत्रे, जाळ्या, प्रशिक्षकाचा पगार यांच्यासाठी दरवर्षी वेगळी रक्कम बांधून ठेवा, एवढंच मागणं आहे. दोन वर्षांत इथे तीन कंत्राटी प्रशिक्षक बदलले. आताचे सर उत्तम आहेत, पायांच्या हालचालीवर अर्धा तास घाम काढतात. त्यांना टिकवा. आमच्या गोव्याची तनिशा क्रास्टो पॅरिस ऑलिंपिकला महिला दुहेरीत खेळली तेव्हापासून इथल्या मुलींना दुहेरीच खेळायची असते, आणि दुहेरीची जोडी एका हंगामात जमत नाही.

मुलांना पाठवणार असाल तर जरूर पाठवा. सकाळी सहाची वेळ घ्या, दुपारनंतर दारं उघडी राहतात आणि वाऱ्याने फूल भरकटतं. पावसात एक किंवा दोन नंबरचं कोर्ट मागा. बुटांचा सोल पांढरा रबरी हवा, आणि एक कोरडा टॉवेल जास्तीचा न्या.