एकच भाव की घासाघीस?

छोटा धंदा सचोटीने करायचा म्हटलं की पहिला पेच भावाचा. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दुकानदारांनी तो थेट धर्माचा प्रश्न मानला. घ्यायचे त्यापेक्षा जास्त मागणं म्हणजे खोटं बोलणंच, म्हणून सगळ्यांना एकच भाव. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकलं. लहान मूल पाठवलं तरी फसवणूक होत नाही हे कळल्यावर धंदा उलट वाढला.

घासाघिशीत लवचीकपणा असतो, हे मान्य. माल अडकत नाही, नडलेल्याला कमी भाव लावता येतो. पण प्रत्यक्षात सूट बहुधा बोलक्याला मिळते आणि तिची भरपाई संकोची माणूस करतो. माझा खरा आक्षेप इथेच आहे.

एकच भाव ठेवला की हिशेब मात्र आधी चोख लागतो: खर्च, मजुरी, नफा सगळं धरून. घाऊक खरेदीला सूट द्यायची तर ती पाटीवर लिहावी. कुणाला मदत करायची तर आपल्या नफ्यातून, उघडपणे. (नोकरांनाही दिवसभर थापा माराव्या लागत नाहीत, हा फायदा वेगळाच.)

मागणीप्रमाणे घडवायच्या कामात, जिथे मेहनतीचा अंदाज आधी येत नाही, तिथे मात्र बोलून भाव ठरवणंच रास्त.