निसर्गाजवळची बालवाडी: पावसाळा ते उन्हाळा वापरून

पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या बालवाडीची नवी इमारत गेल्या जूनमध्ये सुरू झाली. ‘मुलं आणि निसर्ग’ या कल्पनेवर बांधलेली म्हणून बघायला बरेच जण येतात, फोटो काढतात, आम्हालाही असंच बांधायचंय म्हणतात. मी तिथे छोट्या गटाची ताई आहे, आर्किटेक्ट नाही. पण इमारत रोज वापरते मी. फोटोत छान येणाऱ्या बऱ्याच गोष्टी वापरात टिकल्या नाहीत, आणि ज्यांचा कोणी फोटो काढत नाही त्यांवर शाळा चालली आहे.

सर्वांत जमलेली गोष्ट म्हणजे खिडक्या. खिडकीचा कट्टा नेहमी जमिनीपासून ३ फुटांवर असतो, म्हणजे पावणेचार वर्षांच्या मुलाच्या नाकाशी. त्याला दिसणार काय, तर आभाळ आणि समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या. आमच्याकडे कट्टा दीड फुटावर घेतलाय आणि त्यावर हातभर रुंद कडाप्पा टाकलाय. मुलं तिथे बसतात, पालथी पडतात, रुसली की तिथेच जाऊन बसतात. ग्रीलचे गज उभे आहेत आणि त्यांत ४ इंचांपेक्षा कमी अंतर आहे. आडवे असते तर पहिल्याच दिवशी त्यांची शिडी झाली असती.

या खिडक्यांबाहेर मुद्दाम कढीपत्ता आणि लिंबू लावलंय, कारण त्यांच्या पानांवर लिंबाची फुलपाखरं अंडी घालतात. यांची अळी लहानपणी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. ऑगस्टमध्ये एक पोरगी ओरडत आली, “ताई, शी चालतीये!” सगळा वर्ग खिडकीला. काडीने डिवचलं की अळी डोक्यामागून शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, हेही मुलांनीच शोधून काढलं. (काडी नंतर जप्त झाली.) त्या आठवड्यात फुलपाखराचा तक्ता मी भिंतीवर लावलाच नाही.

झाडांवरून आठवलं, नर्सरीवाले कुंपणाला कण्हेर आणि बिट्टी आवर्जून सुचवतात. पाणी कमी लागतं, बारा महिने फुलं. दोन्ही विषारी आहेत. जिथे मुलं सगळं तोंडात घालून बघतात तिथे नकोत.

आता चौक. मधोमध जुना करंज आहे. सुरुवातीच्या बैठकांत आम्हाला तोक्योजवळच्या फुजी किंडरगार्टनची चित्रं दाखवली होती. तेझुका या आर्किटेक्ट दांपत्याने २००७ साली बांधलेली ती लंबवर्तुळाकार शाळा, मुलं छपरावर पळताहेत आणि जुनी झाडं छप्पर भेदून वर गेलीयत. ट्रस्टी भारावले. मग आमच्याही करंजाभोवती छप्पर घ्यायचं ठरत होतं, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “बाई, झाड वाऱ्याला हलतं, छप्पर हलत नाही. सांधा गळणारच.” चौक उघडा राहिला ते बरंच झालं. चौकाच्या एका बाजूला पन्हळ लावलेली नाही. जुलैत तिथे पागोळ्या पडतात, खाली गोट्यांची चर आहे आणि भातुकलीतली भांडी घेऊन सगळी पोरं रांगेत. कुठलं भांडं आधी भरतं यावरून भांडणं होतात. लहान-मोठं, भरलेलं-रिकामं हे शिकवायला मला वेगळं काही करावं लागलं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात लहान मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा त्यांची साधनं अशीच आजूबाजूची होती.

पश्चिमेची बाजू फसली आहे. तिथे मोठे सरकते काचेचे दरवाजे आहेत, ‘आत-बाहेर एक’ व्हावं म्हणून. पण पुण्यातला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि पडवी जेमतेम ३ फुटांची. झड आली की पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर घसरगुंडी. जुलै-ऑगस्ट दरवाजे बंदच होते. मार्चपासून दुपारचं ऊन थेट आत येतं, म्हणून आता पडदे ओढून बंद. छपरातल्या पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याचीही तीच गत. पावसात त्याचा इतका आवाज होतो की गोष्ट सांगता येत नाही. आता त्याखाली बांबूची चटई ताणली आहे.

हिरवी भिंत, म्हणजे उभ्या सांगाड्यावर लावलेली झाडं, दिवाळीपर्यंत देखणी होती. मग पंप बंद पडला आणि कंत्राटदाराने फोन उचलणं सोडलं. खालच्या ट्रेमध्ये पाणी साचून डास झाले. डेंग्यूच्या भीतीने आम्हीच ती उतरवली.

उलट, नकाशात नसलेला मातीचा खड्डा दिवसभर भरलेला असतो. सुरुवातीला पालक कुरकुरले. “ताई, रोज गणवेश धुवायचा का?” आता प्रत्येकाचा एक जुना कपड्यांचा जोड शाळेत असतो. मात्र खड्डा करणार असाल तर वर्ग आणि माती यांच्यामध्ये मुलांच्या उंचीचा नळ हवा आणि सांडपाण्याच्या वाटेवर गाळ बसायला छोटी कुंडी हवी. आमच्याकडे ती नव्हती. चेंबर सारखा तुंबायचा आणि मावशींच्या शिव्या, अर्थातच हळू आवाजात, मला ऐकू यायच्या.

पश्चिमेची पडवी अडीच फूट वाढवायचं कोटेशन ट्रस्टींकडे गेलंय, पावसाआधी काम व्हायला हवं. हिरव्या भिंतीचा लोखंडी सांगाडा अजून उभा आहे. त्यावर कारल्याचा आणि वालाचा वेल सोडणार आहोत, बिया मोठ्या गटाने निवडून ठेवल्यात.