बटाट्याची खिडकीवाली पिशवी: पिशवी घ्या, किट सोडा

आधीच सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांचा वेळ वाचेल. गच्चीवर बटाटा लावायला ऑनलाइन जी कापडी पिशवी मिळते, खालच्या अंगाला झाकणाची खिडकी असलेली, ती पिशवी म्हणून चांगली आहे. खिडकी बिनकामाची आहे. आणि ‘संपूर्ण किट’ म्हणून बियाणं, खताच्या पुड्या, फवारा न् माहितीपत्रक सोबत गळ्यात मारतात, ते तर घेऊच नका.

मी परभणीत जेवणाचे डबे करते. वसमत रोडकडं राहतो आम्ही, त्यामुळं कृषी विद्यापीठाची पोरं जास्त. बटाटा माझ्याकडं मोंढ्यातून, म्हणजे घाऊक बाजारातून, कट्ट्यानं (पोत्यानं) येतो. तेव्हा चार पैसे वाचावेत म्हणून मी गच्चीवर बटाटा लावला, असं कुणी समजू नये. दोन पिशव्या लेकीनं मागवल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी नर्सरीतली साधी विणलेली प्लास्टिकची ग्रो बॅग ठेवली, आणि तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा तळाला भोकं पाडून ठेवला. डबे माझ्याकडं पडूनच असतात. शेजारी दुसरं काही असल्याशिवाय वस्तूची लायकी कळत नाही.

पिशवी जाडसर नमद्यासारख्या काळ्या कापडाची आहे, १५ इंच रुंद आणि तेवढीच उंच. यात ४० लिटरच्या थोडी वर माती बसते. दोन्ही बाजूंना पट्ट्याचे कान आहेत आणि ते भक्कम शिवलेत, हे मुद्दाम सांगते. भिजल्यावर पिशवीचं वजन सहज ४० किलोच्या घरात जातं. दोघींनी दोन बाजूंनी धरून ती उन्हातून कडेला सरकवली, तरी टाका उसवला नाही. साध्या ग्रो बॅगला कान नव्हते. ती भरली की जिथं आहे तिथंच. म्हणून भरायच्या आधी जागा ठरवा, आणि खाली चार विटा ठेवा. नाही तर तळाचं पाणी स्लॅबवर साचून राहतं आणि खालच्या खोलीत ओल उतरते.

आता खिडकी. जाहिरातीतली बाई हसत हसत वेलक्रो उघडते, आत हात घालते, चार मोठे बटाटे काढते आणि झाकण लावते. झाड वर तसंच हिरवंगार. प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. वेलक्रोच्या दातांत पहिल्याच पाण्याला माती जाऊन बसते, मग ती पट्टी नुसती वरवर चिकटल्यासारखी दिसते. उघडली की ओली माती भसकन बाहेर येते, अर्धं घमेलं भरेल एवढी. तिच्यासोबत पांढऱ्या दोऱ्यासारखे धागे तुटून येतात, टोकाला वाटाण्याएवढी गाठ असलेले. ती गाठ म्हणजेच उद्याचा बटाटा. जमिनीतल्या खोडातून हे फुटवे निघतात आणि त्यांच्या टोकाला बटाटा फुगतो, म्हणजे बघायच्या नादात आपण पीकच तोडतो. शिवाय झाकण नीट लागत नाही म्हणून फटीतून उजेड आत जातो, आणि त्या बाजूचे बटाटे हिरवे पडतात. हिरवा बटाटा मी डब्यात कधी घालत नाही, त्यात सोलानिन वाढलेलं असतं आणि ते शिजवून जात नाही. खिडकीजवळचे सगळे बटाटे मला टाकून द्यावे लागले.

आमच्या लेकीचं म्हणणं, ‘आई, खिडकीमुळं बारक्या पोरांना बघायला तरी मिळतं.’ तेवढ्यासाठी हवी असेल तर घ्या बापडे.

कापडाचा मात्र खरा फायदा आहे. दुपारच्या उन्हात तेलाच्या डब्याला हात लावला तर चटका बसत होता. कापडी पिशवी बाहेरून गरम, पण बोट आत घातलं तर माती गार. ओल्या कापडातून पाणी उडतं, त्यानं गारवा राहतो, आणि मुळ्या भिंतीला लागून गोल गोल फिरत बसत नाहीत. पण जे पाणी उडतं ते तुम्हालाच घालावं लागतं! आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं बोअरचं घालावं लागतं, आणि ते जड. महिन्याभरात पिशवीच्या बाहेरच्या अंगावर पांढरा क्षार फुटला. टाकीत नळाचं पाणी असेल तेव्हा तळातून निथळेपर्यंत एकदा भरपूर घालायचं, म्हणजे तो क्षार धुऊन जातो. एक दिवस पार कोरडी आणि दुसऱ्या दिवशी लबालब, असं मात्र करू नका. तसं झालं की बटाट्याला आल्यासारखी गाठीगाठी फुटते किंवा तो तडकतो. साध्या ग्रो बॅगेत ओल जास्त टिकली, आणि खरं सांगायचं तर त्यातले बटाटे दिसायला जास्त गुळगुळीत होते. तेलाच्या डब्यात मूठभर गोट्या निघाल्या. १५-१६ लिटरचं भांडं बटाट्याला अपुरं आहे, त्यात पत्र्याची धग.

किटमधल्या बियाण्याबद्दल बोलायचं तर माझा आवाज वाढतो. बंद प्लास्टिकच्या पाकिटात पाच-सहा सुरकुतलेले बटाटे, एकाला मऊ पडून वास सुटलेला. माझ्याकडं जेवायला असणारा अॅग्रीचा एक पोरगा ते पाकीट उलटंपालटं करून म्हणाला, ‘काकू, यावर जातीचं नाव नाही, लॉट नंबर नाही, टॅग नाही. हे बियाणं कसलं, भाजीचाच आलू आहे हा.’ विकणाऱ्याला कळवलं तर ‘नाशवंत माल परत घेतला जात नाही’ असं उत्तर आलं. माहितीपत्रकात तर मजाच होती. एका पिशवीत सहा तुकडे लावा, वर्षभर कधीही लावा, माती चढवत जा आणि थरावर थर असे १० किलो काढा!

या तिन्ही गोष्टींवर माझं म्हणणं सांगते, कारण नव्यानं लावणाऱ्याचं सगळं इथंच फसतं.

पहिलं, वर्षभर. बटाटा थंडीचा आहे. पानं दिवसा जे तयार करतात ते गार रात्री खाली जाऊन फुगतं. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली आलं की गाठी धरायला लागतात. रात्री उबदार राहिल्या तर झाड नुसतं पाल्यावर जातं. परभणीत दिवाळीच्या आसपास रात्री उतरायला लागतात आणि डिसेंबरात कधी कधी पारा १० च्याही खाली जातो. म्हणून दसरा ते दिवाळी या दरम्यान लावा आणि उरुसाच्या सुमाराला, म्हणजे फेब्रुवारीच्या तोंडाला, काढा. समोरच्या वहिनींनी तीच पिशवी संक्रांतीनंतर लावली. पाला असा की बघत राहावं, खाली सुपारीएवढे बटाटे. पिशवीला दोष देऊन काय उपयोग, मार्चच्या उन्हात कुणाच्याही पिशवीत तेच होणार.

दुसरं, थरावर थर. लवकर तयार होणाऱ्या जातींत बटाटे एकदाच, लावलेल्या तुकड्याच्या थोडं वर धरतात. भर घालायची ती बटाटा उजेडात उघडा पडू नये म्हणून, मजले चढवायला नाही. मी पिशवीची कड खाली दुमडून तिसरा हिस्सा माती भरली, त्यात बी लावलं, आणि झाड वीतभर झालं की पानांचा शेंडा वर ठेवून माती घालत गेले, दोन-तीन वेळा. तशी कापडी पिशवी दुमडायला फार सोयीची. तिसरं, सहा तुकडे. एका पिशवीत दोन, फार तर तीन तुकडे लावा. सहा लावले तर झाडं एकमेकांचंच खातात. मला एका पिशवीत दीड-दोन किलो मिळाले आणि पहिल्या वेळेला तेवढे मिळाले तर समाधान माना.

बियाण्याचं काय करायचं? हिमाचलच्या कुफरीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जाती सरकारी बटाटा संशोधन संस्थेच्या. आपल्या पठारी भागाला कुफरी लवकर ही जुनी जात चालते, उष्णता सोसणारी कुफरी सूर्या आहे, आणि ज्योती, पुखराज तर सगळीकडं. अडचण एवढीच, की प्रमाणित बियाणं गोणीनं विकलं जातं. पुण्याकडच्या मंचरच्या बटाटा बाजाराला जाऊन किलोभर मागाल तर तिथला व्यापारी हसेल. विद्यापीठाच्या रब्बी मेळाव्याला चक्कर मारा, कुणी शेतकरी ओळखीचा निघाला तर चार बटाटे मागून घ्या.

नाहीच मिळालं तर घरातला कट्टा आहे की. त्यात रोगाचा धोका असतो, शेतात मी तसं लावा म्हणणार नाही. पण दोन पिशव्यांपुरतं चालतं. फक्त कोणता बटाटा ते बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरला बाजारात जो येतो तो बहुतेक शीतगृहातला, मागच्या हंगामाचा. त्याची झोप झालेली असते, बाहेर काढला की दोन-तीन आठवड्यांत मोड फुटतात. दिवाळीनंतर जो पातळ सालीचा नवा येतो, त्याला दोन-अडीच महिने कोंबच येत नाही. ‘लावला पण उगवलाच नाही’ म्हणणारे बहुतेक वेळा हा नवा बटाटा लावतात. अंड्याएवढे बटाटे निवडा, अंड्याच्याच ट्रेमध्ये डोळे वर करून सावलीतल्या उजेडात ठेवा. अंधारात ठेवले तर लांब पांढरे दोर निघतात. उजेडात बुटके, जांभळट, जाड कोंब येतात आणि तेच हवेत. मोठा असेल तर कापा, प्रत्येक तुकड्याला दोन डोळे राहू द्या आणि काप एक-दोन दिवस सुकू द्या.

माती किटमध्ये येत नाही आणि आली तरी घेऊ नका. आपली काळी माती कापसाला, सोयाबीनला सोनं, पण पिशवीत एकटी भरू नका. ओली झाली की चिखल, सुकली की आक्रसून कडा सोडते, मग वरून घातलेलं पाणी कडेच्या भेगेतून थेट खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच. मी दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेतलं, आणि ओंजळभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी एकदा फेकून द्यायचं, त्यात मीठ असतं. शेणखत पार कुजलेलं, चहाच्या पावडरीसारखं मोकळं हवं. कच्च्या शेणखतातून हुमणी अळी येते, आणि ती बटाट्याला अशी भोकं पाडते की सोलताना निम्मा फेकावा लागतो. किटमधल्या खताच्या पुड्यांवर ‘ऑरगॅनिक’ सोडून काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्या मी घातल्याच नाहीत.

डिसेंबरात दोन दिवस आभाळ आलं की पानांवर गोल गोल वळ्यांचे तपकिरी डाग दिसले. हा करपा. खालची पानं काढून टाकली, पाणी पानांवर न घालता बुडाशी घातलं, तेवढ्यावर थांबला. मावा आला होता, तो पाण्याच्या पिचकारीनं गेला.

पाला पिवळा पडून आडवा झाला की पाणी तोडा, आठ-दहा दिवस तसंच राहू द्या, म्हणजे साल पक्की होते. मग ताडपत्रीवर पिशवी सरळ उलटी करायची. कापडी पिशवीचं सगळ्यात मोठं सुख हे! खुरपं लागत नाही, एकही बटाटा कापला जात नाही. पहिल्याच काढणीचे बटाटे मी चिरून तळले. शीतगृहातला बटाटा थंडीत गोडसर होतो, त्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून तळला की तपकिरी पडतो. डबेवाल्या बाईला हे रोजचं दुखणं. हे मात्र पिवळेधमक तळले गेले. पोरांनी विचारलं, ‘काकू, आलू बदलला का?’

पैशाचं बोलायचं तर खिडकीवाली पिशवी दोनशेच्या आसपास पडली, साधी ग्रो बॅग तिच्या निम्म्यात. बिनखिडकीची कापडी पिशवी मिळते, कान असलेली. मला आज घ्यायची असेल तर तीच घेईन. पाचपैकी गुण द्यायचे तर कापडाला चार, खिडकीला शून्य, किटला अर्धा, आणि तोही कारण त्यातला पाणी मारायचा फवारा अजून चालतोय.

दुसऱ्या हंगामाच्या आधीच वेलक्रो पूर्ण गेला होता. दाभण आणि सुतळी घेऊन दोन्ही खिडक्या शिवून टाकल्या. त्या मातीत लगेच पुन्हा बटाटा, टोमॅटो किंवा वांगं लावायचं नाही, सगळी एकाच घराण्यातली आहेत आणि रोगही तेच. सध्या दोन्हींत मेथी आहे.