टूलबॉक्ससाठी बांधलेलं कपाट: वर्षभर वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, तपशील मागाहून. कामाच्या ठिकाणी उचलून न्यायच्या टूलबॉक्ससाठी कपाट बांधणार असाल तर प्रत्येक पेटीला स्वतःचा, पूर्ण बाहेर येणारा ट्रे द्या आणि कपाट चार फुटांच्या वर नेऊ नका. बाकी बऱ्याच गोष्टींत कमी-जास्त चालून जातं, या दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. सांगलीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये असं कपाट उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीच्या तोंडावरची सगळी धावपळ काढून उभं आहे. त्यामुळे आता खात्रीनं लिहिता येतंय.

आमचं काम निम्मं वर्कशॉपमध्ये, निम्मं साइटवर. विश्रामबागेत किचन बसवायचं, मिरजेत वॉर्डरोब, मधूनच कुपवाड एमआयडीसीत एखादं ऑफिस. मशीन बहुतेक बॉशची, आणि ती एल-बॉक्स पेट्यांत. या पेट्या एकमेकींवर ठेवल्या की टक्कन अडकतात, टेम्पोत हलत नाहीत, पावसाचा शिंतोडा आत जाऊ देत नाहीत. साइटसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही. अडचण वर्कशॉपमध्ये होते. पाच पेट्यांची चळत उभी राहते आणि खालचा जिगसॉ हवा असला की वरच्या चार उतरवाव्या लागतात. घाईत कोण उतरवणार? पोरं मशीन काढतात आणि काम झालं की तिथंच बेंचवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पेटी साइटवर जाते, आत मशीन असतं, पण ब्लेड बेंचवर राहिलेली असतात. मिरजेहून ब्लेडसाठी परत यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. हे थांबवायचं होतं.

एल-बॉक्स ही मुळात सॉर्टिमो या जर्मन कंपनीची कल्पना. ही कंपनी कारागिरांच्या गाड्यांमध्ये रॅक बसवण्याच्या धंद्यातली. म्हणजे ही पेटी जन्मापासूनच रॅकच्या खणात सरकवायला केलेली आहे आणि आपण ती जमिनीवर रचत बसतो. हे लक्षात आल्यावर कपाट कसं असावं याबद्दल शंकाच राहिली नाही.

आता मापं. एल-बॉक्सचा तळ ४४२ बाय ३५७ मिमी. उंची चार प्रकारची: ११७, १५१, २५३ आणि ३८९. ट्रेची आतली रुंदी ४५० ठेवली, दोन्ही बाजूंना १२ मिमी प्लायच्या उभ्या पट्ट्या, आणि टेलिस्कोपिक चॅनेलला (ट्रे ज्यावर आत-बाहेर सरकतो ती लोखंडी पट्टी) दर बाजूला साडेबारा मिमीच्या वर जागा लागते. सगळं मिळून खणाची रुंदी ५०० भरते. चॅनेल पट्टीच्या बाहेरून लावायचा. काही जण ट्रेच्या खाली लाकूड मारून त्याला चॅनेल लावतात, पण त्यात प्रत्येक खणाची दोन इंच उंची वाया जाते. १२ मिमी प्लायला स्क्रू अर्ध्या इंचाचेच वापरा. त्याहून लांब स्क्रू आत टोक काढतो आणि पेटीची कड खरवडतो.

खोली ठरवली ती शीटवरून. प्लायची आठ बाय चार फुटांची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. टेबल सॉचं ब्लेड ३ मिमी खातं. चार फुटांच्या बाजूनं तीन सारख्या पट्ट्या काढल्या की प्रत्येक ४०४ मिमीची मिळते आणि सोळा इंची चॅनेल असतो ४००चा. म्हणजे वायाच काही जात नाही. लांबीतून एक पट्टी अर्धी केली की १२१८च्या दोन उभ्या फळ्या निघतात. खणांच्या दोन उभ्या रांगा असलेल्या कपाटाला अशा तीन फळ्या, वर-खाली ५००चे चार तुकडे, आणि डोक्यावर १०५४ची एक सलग फळी. हे सगळं १८ मिमीच्या एकाच शीटमध्ये बसतं. कागदावर हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला होता. ट्रेचे तळ आणि बाजूच्या पट्ट्या १२ मिमीच्या दुसऱ्या शीटमधून निघाल्या. पुढची-मागची अडवणूक दुकानात पडलेल्या सागवानाच्या तुकड्यांची केली. मागं ६ मिमी प्लाय.

उभ्या फळ्यांवर ३२ मिमीच्या अंतरानं भोकांची ओळ पाडून घेतली. मॉड्युलर फर्निचर करणाऱ्यांना हे अंतर पाठच असतं. भोकं पाडायला प्लायच्या पट्टीचा एक साचा केला, नाहीतर डावी-उजवी ओळ जुळत नाही आणि ट्रे तिरका चालतो. खणांची उंची ३२च्या पटीत घेतली: छोट्या पेटीला १६०, मधलीला १९२, मोठीला २८८, सगळ्यात मोठीला ४१६. एका बाजूला दोन छोट्या, तीन मधल्या आणि एक मोठी. दुसऱ्या बाजूला तीन छोट्या, एक मोठी आणि तळाला ४१६ची. पेटीच्या डोक्यावर दोनेक बोटं मोकळी राहतात, सगळ्यात मोठीवर जेमतेम एक. वर्षभरात खणांची अदलाबदल करावी लागली आणि दर वेळी नवीन भोक न पाडता, फक्त स्क्रू काढून काम झालं. या ३२च्या ओळीला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

वापरात सगळ्यात जास्त फरक पडला तो पूर्ण उघडणाऱ्या ट्रेमुळे. एल-बॉक्सचं झाकण वर उघडतं. साध्या फळीवर पेटी ठेवली तर ती बाहेर काढून बेंचवर ठेवा, मग उघडा. ट्रे पूर्ण बाहेर येतो तेव्हा पेटी जागेवरच उघडते. ड्रिलचा बिट घेतला, झाकण लावलं, ट्रे गुडघ्यानं ढकलला, झालं. पेटी उचलायचीच नाही म्हटल्यावर पोरं मशीन आपणहून परत आत ठेवायला लागली. मी कुणालाही काही बोललो नाही. आमचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "अरे, दारं कुठं आहेत कपाटाला?" दारं मुद्दामच लावली नाहीत. पेटीला स्वतःचं झाकण आहे, भुसा आत जात नाही. मग दार उघडा, ट्रे ओढा, झाकण उघडा, असा तीनदा हात कशाला लावायचा? आता मामाच नवीन पोराला ट्रे ओढून दाखवतात.

चार फुटांचं कारण हेच. ट्रे छातीच्या वर गेला की उघड्या पेटीच्या तळात काय आहे ते दिसत नाही, नुसतं चाचपडावं लागतं. शिवाय चार फुटांवर कपाटाचं डोकं उभ्यानं काम करायला मोकळं मिळतं. तिथं आम्ही चार्जर आणि १८ व्होल्टच्या बॅटऱ्या ठेवल्या आहेत. चार्जर बंद पेटीत ठेवून चार्जिंग करू नये, त्याला मोकळी हवा लागते.

कपाट भिंतीला एल-क्लॅम्पनं बांधणं सक्तीचं समजा. रोटरी हॅमरची भरलेली पेटी आणि त्यावरची गोलकरवत असे दोन ट्रे एकदम बाहेर आले की सगळं वजन पुढं येतं. चाकांचा विचार मी याच कारणानं सोडला. भिंतीपासून एक इंच जागा मात्र ठेवली आहे, पावसाळ्यात भिंतीची ओल प्लायला लागू नये म्हणून. खाली कडप्प्याच्या पट्ट्या टाकल्या आहेत. फरशी धुतली तरी लाकूड पाण्यात राहत नाही.

चॅनेलबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण वर्कशॉपमधली धूळ स्वयंपाकघरात नसते. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला बोर्ड) कापल्यावर उडणारी पिठासारखी धूळ चॅनेलच्या छऱ्यांत जाऊन बसते. काही महिन्यांत खालचे ट्रे जड चालायला लागले. वरचे मात्र अगदी हलके. यावर तेल किंवा ग्रीस लावायचा मोह होतो, तो आवरा. तेलाला धूळ चिकटते आणि तिचा काळा लगदा होतो. आम्ही आता शनिवारी दुकान झाडतो तेव्हा ट्रे पूर्ण ओढून ब्लोअर मारतो आणि कोरड्या ब्रशनं खाच साफ करतो. तेवढ्यानं चालतं. सॉफ्ट-क्लोज, म्हणजे हळूच बंद होणारा चॅनेल मी वर्कशॉपसाठी घेणार नाही. त्यातला डॅम्पर आणि स्प्रिंग या धुळीत किती टिकतील याचा भरवसा वाटत नाही, आणि पैसेही जास्त. जोरात ढकललेला ट्रे आपटून परत पुढं येतो, त्यावर मागच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे मारले आहेत. आवाजही बंद झाला.

झिजलं काय, तर ट्रेची पुढची अडवणूक. पेटी काढताना तिचा तळ रोज त्याच दोन जागी घासतो. सागवानाच्या पट्टीवर तिथं बोटाच्या पेराएवढ्या दोन गुळगुळीत खळग्या पडल्या आहेत, पॉलिश उडून आतलं लाकूड उघडं पडलंय. पट्टी अजून भक्कम आहे. प्लायची नुसती उघडी कड तिथं असती तर एव्हाना थर सुटले असते. म्हणून त्या एका जागी लाकूडच वापरा, नाहीतर ॲल्युमिनियमचा अँगल.

प्लाय कुठला, हा प्रश्न सांगलीत नदी बघून सोडवावा लागतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. इथं दुकान चालवणाऱ्याला कपाट आणि हत्यारं यांचा वेगवेगळा विचार करावाच लागतो. कपाट एखाद वेळी पाण्यात राहील, हत्यारं राहता कामा नयेत. म्हणून प्लाय आयएस ७१० मार्कचा, म्हणजे उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणारा घेतला. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे त्याहून एक पायरी खालचा प्लाय, कोरड्या गावात पुरेसा आहे, पैसेही वाचतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचं नावही काढू नका. कापलेल्या प्रत्येक कडेला सीलरचे दोन हात दिले, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनं.

आणि पेट्या? त्या तर उचलून न्यायलाच केलेल्या आहेत. यंदा पावसाळ्यात पाणी चढायला लागल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आम्ही वाट न बघता सगळ्या पेट्या माडीवर नेल्या. ट्रे ओढायचा, पेटी उचलायची, दोन-दोन एकमेकींवर अडकवून जिना चढायचा. शोधाशोध नाही, सुटं काही नाही. पूर आला नाही, पण एवढं काम चहा उकळेपर्यंत होतं हे कळलं. कपाटाचा हा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

रोजच्या कामात तितकाच मोलाचा आहे तो रिकामा खण. प्रत्येक ट्रेच्या पुढच्या पट्टीवर मशीनचं नाव मराठीत रंगवलं आहे आणि तेच नाव पेटीवर. संध्याकाळी टेम्पो रिकामा झाला की कपाटाकडं एक नजर टाकायची. "रूटर" लिहिलेल्या खणातून मागचा प्लाय दिसला की रूटर अजून ग्राहकाच्या घरी आहे. फोन त्याच संध्याकाळी जातो.

अडचणीही आहेत. हे कपाट जागा खातं. ट्रे बाहेर आला की समोर आणखी सव्वा फूट लागतं आणि त्यामागं माणूस उभा राहायला दोन फूट. चिंचोळ्या गाळ्यात हे जमणार नाही, तिथं उघड्या फळ्याच बऱ्या. दुसरं, मशीनबरोबर येणाऱ्या साध्या, गोल कोपऱ्यांच्या प्लास्टिक पेट्या या ट्रेमध्ये डुगडुगतात. त्या खालच्या मोठ्या खणात आडव्या टाकाव्या लागतात. स्पिरिट लेव्हल, सॅश क्लॅम्प, लांब पट्ट्या यांना इथं जागा नाही, त्यांची सोय भिंतीवर.

आणि सगळं काम बेंचवरच करणाऱ्यांनी हा खर्च करू नये. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत कारागिरांची हत्यारं बसल्या जागी हाताला येतील अशी मांडलेली असतात. त्यांच्या कामाला तीच मांडणी बरोबर आहे. पटाश्या, कानशी पेटीत कोंडून काय करायचं? हे कपाट ज्यांची हत्यारं रोज दाराबाहेर जातात त्यांच्यासाठी.

मकिताच्या मॅकपॅक पेट्या वापरणाऱ्यांसाठी एवढंच: तळ ३९५ बाय २९५, म्हणजे याच ट्रेमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम एक-एक इंची पट्टी मारली की पेटी घट्ट बसते. आमच्याकडची एक अशीच ठेवली आहे. फेस्टूलच्या सिस्टेनर पेट्यांचा तळही जवळपास तेवढाच, ३९६ बाय २९६. टॅनॉस कंपनीनं १९९३ मध्ये काढलेल्या जुन्या सिस्टेनर पेट्यांच्या उंच्या साडेबावन्न मिमीच्या पटीत आहेत: १०५, १५७.५, २१०, ३१५. फक्त त्याच पेट्या असतील तर खणाची रुंदी ४५५ पुरते आणि ट्रेला चौदा इंची चॅनेल चालतो. त्या मापानं शीटचं कटिंग बदलेल, तेव्हा पट्ट्या पाडण्याआधी कागदावर एकदा मांडून घ्या.