शिवडी ते अलिबाग, आठ महिने: गाडी, बोट आणि शेवटी लाल डबा

डिसेंबरातल्या एका शनिवारी वडखळच्या अलीकडे आमच्या गाडीची क्लच प्लेट गेली. फर्स्ट, न्यूट्रल, फर्स्ट, न्यूट्रल असा तासभर खेळ चालला होता. मेकॅनिकने बॉनेटही न उघडता विचारलं, "साहेब, क्लचवर पाय ठेवूनच आलात का?" बिल साडेअकरा हजार.

सासुरवाडी अलिबागजवळच्या चौलची, त्यामुळे नोव्हेंबरपासून महिन्यातून दोनदा ही वारी ठरलेली. अटल सेतूचं तोंड तर घराशेजारीच. कारला एका बाजूचे २५० रुपये, परतीचं तिकीट एकदमच काढलं तर ३७५. पुलाचे २१.८ किलोमीटर लोण्यासारखे जातात, वाद नाही. पण तिथे वाचवलेला वेळ पेण-वडखळला व्याजासकट परत द्यावा लागतो.

मग जानेवारीपासून बोट. गेटवे ते मांडवा, पाऊण-एक तास, मागे सीगल. पहिल्या दोन फेऱ्यांत मी सगळ्यांना बोटीचं कौतुक ऐकवत होतो. ते आता मागे घेतो, आणि कारण एकच, मांडव्याची बस. अलिबागपर्यंतचं बसभाडं बोटीच्या तिकिटातच असतं, पण सीट नंबर नाही. त्यामुळे बोट धक्क्याला लागायच्या आधी दहा मिनिटं सगळी जनता पिशव्या घेऊन दाराशी उभी. दोर बांधला रे बांधला की जेट्टीवर शर्यत! एरवी लिफ्टशिवाय पहिल्या मजल्यावर न जाणारी माणसं ट्रॉली बॅग खडखडवत धावतात. मीही धावलो. एकदा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तर त्या रुमालावर एक काका बसले आणि उतरेपर्यंत उठले नाहीत. रुमालही गेला. बायको म्हणाली, "बोटीत ऐसपैस बसायचं आणि बसमध्ये लोंबकळायचं, हे कुठलं सुख?"

गाडीसकट नेणारी रो-रो भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून आहे. एकदा केली. छान आहे, पण गाडीचं तिकीट काढताना क्लच प्लेटची आठवण आली.

पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद, म्हणून जूनमध्ये नाइलाजाने एसटी धरली. हार्बर लोकलने पनवेल, तिथून अलिबाग विनाथांबा. खिडकीची काच दर खड्ड्याला आपोआप सरकते, कार्ले खिंडीपर्यंत डावा खांदा भिजला. तिच्या फटीत तिकीट घडी करून खोचलं की बसते. वडखळला एसटीही अडकतेच, पण क्लच ड्रायव्हर दाबतो. मी पेणलाच झोपतो.

आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे दोघांचं मिळून दीड. घरी येऊन हिशोब मांडला, तर जाऊन-येऊन एसटीचा सगळा खर्च नुसत्या पेट्रोलच्या आत बसला.

पनवेलला शनिवारी सकाळी सातच्या आत रांगेत लागा, नंतर उभं राहावं लागतं. आणि खिडकी बायकोला देऊ नका, काच सरकली की ऐकून घ्यावं लागतं.